व्हीआर देशाचा सातबारा

आदरणीय डोमेनगुरू सर यांस,

सांगलीहून एका पाटीवाल्याचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा रात्री माझं शेवटचं नाव गेलं. पितृपक्षात गेलं, एवढंच समाधान. तुम्हाला आठवत नसेल, कारण तुमच्याकडून अशी नावं घेणारे आम्ही पुष्कळ. पण २०१६ च्या जूनमध्ये विश्रामबागेतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये तुम्ही मला व्हर्च्युअल रिॲलिटीतली जागा घ्यायला लावलीत. जागा म्हणजे डॉट कॉमची चोवीस नावं. प्रत्येकाच्या पुढे नाहीतर मागे ‘व्हीआर’ ही दोन अक्षरं चिकटवलेली. सगळं जग डोळ्यांना डबा बांधून बसेल तेव्हा या नावांच्या दारात कंपन्यांची रांग लागेल, असं तुम्ही म्हणाला होतात. रांगेत उभं राहणाऱ्यांना उन्हाचा त्रास नको म्हणून मी मांडव घालायचाही विचार केला होता.

खरं तर त्या दिवशी मी ऐकायला आलोच नव्हतो. तुमचं फ्लेक्स लावायला आलो होतो. वीस बाय आठ, कडेनं रिंगा मारलेलं, वर तुमचा कोट घातलेला फोटो आणि खाली तुम्हीच व्हॉट्सॲपवर पाठवलेली ओळ: ‘उद्याची जागा, आजच्या भावात’. एकशेसाठ फूट, बारा रुपये फुटानं एकोणीसशेवीस. हजार रुपये आगाऊ दिलेत आणि उरलेले कार्यक्रम झाल्यावर घेऊन जा म्हणालात. तोवर काय करायचं म्हणून मी मागच्या खुर्चीवर टेकलो. चहा आला, बटाटेवडा आला. नऊशेवीस रुपयांची ती वसुली मला सव्वा लाखाला पडली.

तुमचं बोलणं मात्र ऐकत राहावं असं होतं, हे मान्य. पहिल्या चित्रात पामर लकी नावाचा एक अमेरिकन पोरगा. २०१२ साली त्यानं किकस्टार्टरवर लोकांकडून चोवीस लाख डॉलर गोळा केले, डोळ्यांवर बांधायचं यंत्र करायला घेतलं आणि मार्च २०१४ मध्ये त्याची ऑक्युलस कंपनी फेसबुकनं दोनशे कोटी डॉलरला घेतली. “म्हणजे बारा हजार कोटी रुपये,” असं म्हणून तुम्ही थांबलात. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. दुसऱ्या चित्रात ‘एफबी डॉट कॉम’. अमेरिकेतल्या फार्म ब्युरो या शेतकऱ्यांच्या संघटनेनं हे दोन अक्षरांचं नाव फेसबुकला विकून पंच्याऐंशी लाख डॉलर मिळवले. “शेतकऱ्यांनी, बरं का!” असं म्हणत तुम्ही हळदवाल्यांच्या रांगेकडे बोट केलंत. रांगेतल्या चौघांनी पाठ ताठ केली.

मग पुठ्ठ्याचे चष्मे फिरवलेत. गूगलनं २०१४ साली काढलेल्या कार्डबोर्डची ती नक्कल होती. आत दोन भिंगं, मध्ये मोबाईल सरकवायचा, कडेला चिकटपट्टी. सगळ्यांना तोच एक रोलर कोस्टर दाखवलात. एका पतसंस्थेचे व्यवस्थापक उठून हवेत हात मारायला लागले आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याच्या चहाला धक्का लागला. सगळे हसले. त्या हशातच तुम्ही फॉर्म वाटलेत. बारा हजार रुपये फी, त्यात तीन रविवारचा वर्ग आणि शेवटी प्रमाणपत्र. प्रमाणपत्राला तुम्ही ‘डिजिटल सातबारा’ म्हणायचात. खातेदार, क्षेत्र, पीक, सगळे रकाने छापलेले. पिकाच्या रकान्यात ‘व्हीआर’ असं लिहून द्यायचात. ती छपाई कोणाकडून करून घेतलीत माहीत नाही, पण शिरोरेषा वाकडी होती. आमच्या धंद्यात शिरोरेषा वाकडी आली की पत्रा पुसतात.

आमचा धंदा म्हणजे पाट्यांचा. वडील पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवायचे. सुतळीला खडूची भुकटी लावायची, दोन टोकं ताणून धरायची, मधे टिचकी मारायची, की सरळ रेघ तयार. अक्षरं त्या रेघेला लटकवायची. मी तेच शिकलो, नंतर फ्लेक्स आलं आणि ब्रश डब्यात गेले. जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिली. तुम्ही हे हेरलंत आणि म्हणालात, “तुम्ही तर नावांतलेच माणूस, तुम्हाला काय सांगायचं!” सर, तिथंच मी पडलो. स्वतःच्या धंद्यात मला जे कळत होतं, तेच त्या हॉलमध्ये विसरलो. नवी पाटी लावल्यानं दुकान चाललं असं आमच्या गल्लीत कधी झालेलं नाही. पाटीचे पैसे देऊन शटरच न उघडलेली तीन दुकानं मला माहीत आहेत. जुन्या दुकानाच्या नावाला पगडी मिळते, पण ती चालत्या गल्ल्याची असते. त्या फार्म ब्युरोचंही तेच. एफबी ही त्यांच्या संघटनेची आद्याक्षरं, त्याच नावानं त्यांचं काम चाललेलं, आणि फेसबुकच त्यांच्या दारात आलं. ही गोष्ट तुमच्या चित्रात मावली नसावी.

असो. पहिल्या रविवारी तुम्ही नावं कशी निवडायची ते शिकवलंत. गावाचा धंदा घ्या आणि त्याला व्हीआर लावा. सांगलीचा धंदा हळदीचा, म्हणून हळदव्हीआर डॉट कॉम. आता गंमत बघा. ‘ळ’ला रोमन लिपीत अक्षर नाही. एल लिहावं तर हलद, डी लिहावं तर हडद, आणि शेवटी एच लावायचा की नाही यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. तुम्ही शांतपणे म्हणालात, “तिन्ही स्पेलिंगं घ्या. कंपनी कुठल्या स्पेलिंगनं येईल सांगता येत नाही.” एका हळदीला तीन नावं लागली. मग लग्नव्हीआर, त्यातही ‘जी’ नंतर ‘ए’ आहे आणि नाही अशी दोन. मंगलकार्यालयव्हीआर हे टंकताना माझ्या पोराचा दोनदा हात चुकला, तरी ते घेतलं. द्राक्षव्हीआर घेतलं. द्राक्ष डोळ्याला बांधून कोण बघणार, असं घरच्यांनी विचारलं, तेव्हा मी तुमच्या आवाजात ‘भविष्य’ एवढंच म्हणालो.

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं की, देवनागरीत नाव घेता येत नाही का? डॉट भारत तर २०१४ पासूनच सुरू आहे, तिथं हळद ही हळदच राहिली असती, ळ सकट. तुम्ही हसलात. “मराठी कोण टाइप करतो?” माझी अख्खी कमाई मराठी अक्षरांवर झालेली, तरी मी पण हसलो. त्या हसण्याची लाज मला पैशांपेक्षा जास्त वाटते.

पण तुमची खरी प्रतिभा दिसली ती तिसऱ्या रविवारी. तुम्ही दार लावून घेतलंत आणि सांगितलंत की आता डॉट कॉमही जुनं होणार, लवकरच ‘डॉट व्हीआर’ येतंय आणि आतल्या गोटातून त्याचं बुकिंग सुरू आहे. एका नावाला एकवीसशे रुपये. मी ‘सांगली डॉट व्हीआर’ बुक केलं. पावतीही दिलीत, हातानं लिहिलेली. पोरगा पुढे इंजिनिअरिंगला गेला, तेव्हा त्यानं मला समजावलं. इंटरनेटवर दोन अक्षरांची शेपटी देशांना नाहीतर प्रदेशांना मिळते आणि कोणत्या देशाची कोणती अक्षरं याची आंतरराष्ट्रीय यादी ठरलेली आहे. डॉट इन भारताची. डॉट टीव्ही ही दूरदर्शनवाल्यांची वाटते, पण ती तुवालू नावाच्या चिमुकल्या बेटांच्या देशाची. डॉट एआय अँग्विला बेटाची. व्हीआर ही अक्षरं कुठल्याच देशाची नाहीत. म्हणजे डॉट व्हीआर यायचं तर आधी व्हीआर नावाचा देश निघायला हवा, त्याला राजधानी हवी, झेंडा हवा. सर, तुम्ही माझ्याकडून एकवीसशे रुपये घेऊन न जन्मलेल्या देशाचं नागरिकत्व दिलंत. एवढी दूरदृष्टी तुमच्याशिवाय मी कोणात पाहिली नाही.

हरिपूरच्या पेवांची उपमा तुमचीच. “जमिनीखाली हळद टाकता, तोंड बंद करता, भाव आला की उघडता. नावं तशीच. पेवात टाका आणि विसरा.” वाक्य छान होतं, टाळ्याही पडल्या. पण पेवात हळद असते हो. भाव नाही आला तर निदान आमटीत पडते. शिवाय आम्ही २००५ चा पूर पाहिलेली माणसं, त्या पुरात पेवांतही पाणी शिरलं होतं. विसरून चालत नाही हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं. आणि विसरायचं तरी कसं? बरोबर वर्षानं मेल आला: चोवीस नावांचं नूतनीकरण. पहिल्या वर्षी सवलतीत साडेचौदा हजारांत बसलेली नावं दुसऱ्या वर्षी करासकट तेवीस हजारांच्या वर गेली. मी तुम्हाला फोन केला, “सर, जागा विकत घेतली ना आपण? मग परत पैसे कसले?” तुम्ही म्हणालात, “घरपट्टी समजा.”

मी समजलो. खूप उशिरा समजलो की ती घरपट्टी नव्हती. डोमेन नाव कुणाच्याच मालकीचं होत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी ते भाड्यानं मिळतं. डॉट कॉमचं सगळं दप्तर अमेरिकेतली व्हेरिसाइन कंपनी सांभाळते. जगातल्या प्रत्येक डॉट कॉममागे ती २०१२ पासून वर्षाला ७.८५ डॉलर घेत होती. सप्टेंबर २०२१ पासून दर चढत गेला आणि सप्टेंबर २०२४ ला १०.२६ डॉलर झाला. त्यावर आपल्याला नाव देणाऱ्या कंपनीचा नफा, त्यावर १८ टक्के जीएसटी. नाव विको न विको, ही मंडळी जेवून उठलेली असतात. आणि त्यांच्या पंगतीत, मला नंतर कळलं, तुम्हीही होतात. तुमच्या ‘खास लिंक’वरून आम्ही नावं घेत होतो, त्यावर तुम्हाला कमिशन पडत होतं. म्हणूनच तीन स्पेलिंगं. मला वाटायचं, तुमचं भाषेवर प्रेम आहे.

आता या व्हीआरच्या ‘घराघरात पोचण्या’बद्दल. दर दिवाळीला तुमचा मेसेज यायचा, पुढचं वर्ष व्हीआरचं. २०१६ तर ठरलेलंच होतं. मार्चमध्ये ऑक्युलसचा रिफ्ट आला, एप्रिलमध्ये एचटीसीचा व्हाइव्ह, ऑक्टोबरमध्ये सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर. रिफ्टची किंमत ५९९ डॉलर, आणि तो चालवायला महागडा कॉम्प्युटर वेगळा. आमच्या गल्लीत तेव्हा नोटाबंदीची रांग लागली, त्यामुळे व्हीआरची रांग जरा मागे पडली. गूगलनं त्याच वर्षी डेड्रीम काढलं, २०१९ मध्ये बंद केलं. तुमचा तो पुठ्ठ्याचा चष्मा गूगलनं २०२१ मध्ये विकायचाच थांबवला. माझ्याकडचा एक अजून आहे. नातवंडं त्याच्या भिंगानं उन्हात पानं जाळतात.

आणि हे ‘पुढचं वर्ष’ तुमच्याही आधीपासूनचं आहे, याचा तुम्ही उल्लेख केला नाहीत. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंडनं डोक्याला लावायचं पहिलं यंत्र केलं, ते इतकं जड होतं की छतातून टांगावं लागायचं. १९९५ मध्ये निंटेंडोनं व्हर्च्युअल बॉय आणला. काळ्यावर लाल रेघा दिसायच्या, माणसाची मान अवघडायची. वर्षाच्या आत तो बाजारातून गेला. म्हणजे हे पीक साठ वर्षं पेरलं जातंय. पेरणाऱ्यांपैकी काहीजण खरे कष्टाळू आहेत, हे मी नाकारत नाही. बांधावर उभं राहून सातबारा वाटणाऱ्यांचा विषय वेगळा.

२०१७ ची एक आठवण सांगायची राहिली. एका रात्री मला इंग्रजीत मेल आला. लग्नव्हीआरला साडेआठ हजार डॉलर देऊ करणारं गिऱ्हाईक! घरात आम्ही पेढे आणले. अट एकच: नावाचं मूल्यांकन प्रमाणपत्र हवं, आणि ते अमुक एका संस्थेचंच चालेल. फी साडेसहा हजार रुपये. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही लगेच म्हणालात, “मोठ्या व्यवहारात हे असतंच.” पैसे भरले. प्रमाणपत्र आलं, त्यात माझ्या नावाची किंमत अकरा हजार डॉलर लिहिली होती. म्हणजे मी अडीच हजार डॉलर सोडून स्वस्तातच देतोय असं वाटून रात्रभर झोप आली नाही. सकाळी गिऱ्हाईक गायब. नंतर कळलं की हा या धंद्यातला जुना डाव आहे. घेणारा आणि मूल्यांकन करणारा एकाच घरातले. तुम्हाला तो माहीत नव्हता असं मानायला मी तयार आहे, पण मग तुम्हाला माहीत तरी काय होतं?

त्याच वर्षी वकिलाचं पत्र आलं. तुमच्याच सल्ल्यानं मी एका मोठ्या कंपनीच्या नावाला व्हीआर जोडून एक नाव घेतलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, “कंपनी स्वतः येईल.” कंपनी आली, पण वकिलाच्या लेटरहेडवर. त्यात आयकॅन या संस्थेच्या १९९९ च्या धोरणाचा दाखला होता. नाव दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी घोटाळा होण्याइतकं सारखं आहे, घेणाऱ्याचा त्यावर कायदेशीर हक्क नाही, आणि ते वाईट हेतूनं घेतलं आहे, या तीन गोष्टी ठरल्या की नाव काढून घेतात. भारतातही हे नवं नाही. याहूच्या नावाला ‘इंडिया’ जोडणाऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयानं १९९९ मध्येच थांबवलं होतं, आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण असल्याचं सांगितलं. माझा हेतू वाईट होता का? तुमच्या वर्गाच्या वहीत मी स्वतःच्या हातानं लिहिलंय: ‘मोठ्या कंपन्यांची नावं अगोदर पकडणे.’ वही लपवली, नाव देऊन टाकलं. फोन केला तर तुम्ही म्हणालात, “तेवीस उरली ना?”

मग मी शहाणा झालो, असं लिहायला मला आवडलं असतं. नावं कमी करत अकरावर आणली होती. पण २८ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकनं स्वतःचं नाव बदलून मेटा केलं आणि चार दिवसांत तुमचा फोन. आवाजात तीच ऊब. “मी म्हणालो नव्हतो?” तुम्ही म्हणाला होतात, पण ‘व्हीआर’ म्हणाला होतात. आता ‘मेटा’ म्हणत होतात. नोव्हेंबरमध्ये डिसेंट्रालँड नावाच्या आभासी गावातला भूखंड चोवीस लाख डॉलरला गेला, ती बातमी तुम्ही मला तीनदा पाठवलीत. सर, मी आणखी सहा नावं घेतली. पोरानं जेवताना ताटावरून मान वर केली नाही. दुसऱ्यांदा फसणाऱ्यानं तक्रार करू नये असं म्हणतात, म्हणून या परिच्छेदात मी तुमच्याबद्दल काही म्हणत नाही.

मेटाबद्दल मात्र म्हणतो. त्यांच्या ज्या विभागात हे चष्मे तयार होतात, त्या रिॲलिटी लॅब्जचा तोटा २०२२ मध्ये १३७० कोटी डॉलर, २०२३ मध्ये १६१० कोटी, २०२४ मध्ये १७७० कोटी. एवढा तोटा सोसणाऱ्याच्या खिशातून मला मेटाहळदीचे चार पैसे सुटतील, असा माझा हिशेब होता. कंपनीनं ऑक्युलस हे नावसुद्धा पुसून टाकलं. दोनशे कोटी डॉलर मोजून आणलेली पाटी उतरवली आणि ‘क्वेस्ट’ची लावली. आम्ही बाहेर पाट्या धरून उभे, आत मालकच पाट्या बदलतोय.

शेवटचा दणका ॲपलनं दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचा व्हिजन प्रो आला, ३,४९९ डॉलरचा. मी पोराला म्हटलं, आता तरी बघ. त्यानं मला ॲपलनं ॲप बनवणाऱ्यांना दिलेल्या सूचना वाचून दाखवल्या. आपल्या ॲपला ‘स्पेशियल कॉम्प्युटिंग’चं ॲप म्हणा, व्हीआर म्हणू नका. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीनं हा शब्दच वापरायला मनाई केली, आणि माझ्याकडे तो शब्द चिकटवलेली शिल्लक नावं तीन. गाजलेले खेळ बघावेत तर बीट सेबर, हाफ-लाइफ ॲलिक्स. नावात कुठं व्हीआर आहे? व्हीआरचॅट आहे एक, पण त्याचं नाव लोकांच्या तोंडी बसलं ते आत माणसं जमली म्हणून. यंत्र खरंच चालायला लागलं की त्याचं नाव दुकानाच्या पाटीवर राहत नाही. आमच्याकडे ‘विजेवर चालणारी गिरणी’ अशी पाटी वडिलांनी रंगवली होती. आता गिरणीवर विजेचं नाव कोण घालतं?

तेवढ्यात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तुम्ही जिओहॉटस्टारची बातमी पाठवलीत, खाली तीन अग्निबाण. दिल्लीच्या एका तरुणानं दोन कंपन्या एक होणार हे ओळखून नाव आधीच घेऊन ठेवलं आणि केंब्रिजच्या शिक्षणाची फी मागितली. पुढची बातमी तुम्ही पाठवली नाहीत, म्हणून मी पाठवतो. कंपनीनं फी दिली नाही. ते नाव त्याच्याकडून दुबईच्या दोन लहान भावंडांनी घेतलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. तुमच्या सगळ्या गुंतवणूकशास्त्राचा निकाल दोन शाळकरी पोरांनी लावला.

आता नाव मरतं कसं ते सांगतो, कारण हा धडा तुमच्या तीन रविवारांत नव्हता. मुदत संपल्यावर कंपनी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस वाट बघते आणि रोज ‘अजून वेळ गेलेली नाही’ असे मेल पाठवते. मग तीस दिवस असे येतात की नाव परत हवं असेल तर मोठा दंड भरून सोडवून घ्यायचं. त्यानंतर पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही, नाव नुसतं पडून राहतं. मग सुटतं. माणसाचं तेरा दिवसांत आटपतं, नावाचं ऐंशी दिवस चालतं. माझी तीन नावं, म्हणजे त्या हळदीची तीन स्पेलिंगं, जूनअखेर संपली. या वेळी मी पैसे भरले नाहीत. दोन आधी गेली, तिसरं परवा रात्री.

काल सकाळी दुकान उघडायच्या आधी पोराला बघायला सांगितलं. म्हटलं, आपण सोडल्या सोडल्या कुणी झडप घातली असेल, एवढी वर्षं टपून बसलेला कुणीतरी असेलच. तिन्ही स्पेलिंगं मोकळी आहेत. कुणीही घ्यावीत.

एक तेवढं राहिलं. तुमचं ते फ्लेक्स कार्यक्रमाच्या रात्री मीच उतरवलं होतं. बरीच वर्षं घडी घालून दुकानात ठेवलं, तुम्ही न्याल म्हणून. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या म्हशीच्या गोठ्यावर ताणलं. तुमचा फोटो आतल्या बाजूला केला आहे, नाहीतर उन्हानं रंग उडतो. दोन पावसाळे झाले, एक थेंब गळालेला नाही. नऊशेवीस रुपये मात्र अजून येणं आहे.

आपला,
खातेदार क्रमांक २४, व्हीआर देश
(सध्या मुक्काम सांगली)